नारिंगी वायर आणि घरचे अर्थिंग

२०१० साली पुण्यातल्या केपीआयटी कमिन्स या कंपनीने भारत फोर्जला सोबत घेऊन ‘रेव्होलो’ नावाचा एक संच जाहीर केला. चालू पेट्रोल गाडीच्या डिकीत बॅटऱ्या बसवायच्या, इंजिनाच्या पुलीला पट्ट्याने एक मोटर जोडायची, मधे नियंत्रणाचे इलेक्ट्रॉनिक्स टाकायचे आणि रात्री गाडी घरच्या प्लगवर चार्ज करायची, अशी ती कल्पना होती. पेट्रोल आणि वीज एकाच गाडीत, आणि वीज बाहेरून भरण्याची सोय. प्लग-इन हायब्रीड म्हणतात ती हीच. तो संच सर्वसामान्यांच्या गाड्यांपर्यंत पोचला नाही, पण या तंत्राचा विचार आपल्या पुण्यात इतक्या लवकर झाला होता हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

त्यानंतर प्लग-इन हायब्रीड आपल्याकडे आल्या त्या श्रीमंतांच्या गाड्या म्हणून. बीएमडब्ल्यूची आय-८ दिल्लीजवळच्या वाहन प्रदर्शनात २०१४ साली सचिन तेंडुलकरच्या हस्ते लोकांसमोर आली, तर व्होल्वोची एक्ससी-९० टी-८ ही २०१६ मध्ये. आंबेगाव-जुन्नरच्या रस्त्यांवर अशी गाडी क्वचितच दिसेल. पण २०२२ नंतर चित्र पालटले. टोयोटाच्या हायरायडर आणि इनोव्हा हायक्रॉस, मारुतीची ग्रँड विटारा, होंडाची सिटी या प्लग नसलेल्या हायब्रीड गाड्या पुणे-नाशिक महामार्गावर रोज धावतात. त्याच महामार्गावरच्या चाकणला महिंद्राच्या विजेवरच्या गाड्या तयार होतात. आंबेगाव तालुक्यातल्या अवसरी बुद्रुकसारख्या गावात आज ना उद्या अशी गाडी दारात उभी राहणार. ती प्लग-इन असो, साधी हायब्रीड असो किंवा निव्वळ विजेवरची असो, तिघींमध्ये एक गोष्ट समान आहे. ती म्हणजे उच्च दाबाची बॅटरी. तिच्याविषयी गावात दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणतो, ‘ती कधीही पेटते’, दुसरा म्हणतो, ‘कंपनीने सगळे केलेय, काही होत नाही.’ दोन्ही मते चुकीची आहेत, आणि दुसरे जास्त महागात पडणारे आहे.

ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची. तिच्या दोन्ही टोकांना कोरड्या हातांनी धरले तरी झटका बसत नाही. गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ६० व्होल्टच्या वरचा डीसी दाब आणि ३० व्होल्टच्या वरचा एसी दाब ‘उच्च’ धरला जातो. इनोव्हा हायक्रॉसमध्ये निकेल-मेटल हायड्राइडचे १६८ सेल असतात. एक सेल १.२ व्होल्टचा, म्हणजे सगळे मिळून दोनशे व्होल्टच्या वर. हायरायडरची लिथियम-आयन बॅटरी १७७.६ व्होल्टची. आय-८ सारख्या प्लग-इन गाडीत हाच दाब साडेतीनशेच्या आसपास जातो.

इतका दाब लागतो कशाला? गणित सोपे आहे. ६० किलोवॉटची मोटर १२ व्होल्टवर चालवायची तर ५००० अँपिअर करंट लागेल, आणि तेवढा करंट वाहून नेणारी तांब्याची तार गाडीत मावणार नाही. तीच मोटर ३५० व्होल्टवर चालवली की १७० अँपिअरमध्ये काम भागते. दाब वाढवला की तार बारीक होते, उष्णता घटते आणि गाडी हलकी राहते.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला उच्च दाब नवा नाही. विहिरीवरच्या मोटारीला थ्री-फेज ४१५ व्होल्ट येतात आणि स्टार्टरचे झाकण उघडे ठेवून काम करणारे कितीतरी लोक आपल्या ओळखीचे असतात. पण गाडीतली वीज डीसी आहे, आणि हा फरक ध्यानात घ्यायला हवा. एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसी शून्यावर येतच नाही. चालू करंट असताना डीसीचा जोड ओढून काढला तर मधली ज्योत तशीच जळत राहते, पितळ वितळवते आणि हात-चेहरा भाजते. स्टार्टरवरच्या सवयीने नारिंगी वायरीचा सॉकेट उपटणाऱ्याला ही माहिती हवीच.

ती नारिंगी वायर म्हणजे उच्च दाबाची खूण. जगभरच्या गाड्यांत या वायरींना हाच रंग देतात. बोनेट उघडले की इंजिनाशेजारच्या चांदीच्या रंगाच्या डब्यातून जाड नारिंगी वायरी निघतात. गाडीखाली वाकून पाहिले तर त्याच वायरी मागे बॅटरीकडे जाताना दिसतात. त्या ओढायच्या नाहीत, सोलायच्या नाहीत, त्यांना दुसरे काही बांधायचे नाही. फॉग लाइट किंवा कॅमेरा बसवणाऱ्याला हे गाडी हातात देतानाच सांगावे.

या बॅटरीभोवती कंपन्यांनी जी सुरक्षा उभी केली आहे ती खरोखर विचारपूर्वक आहे. गाडी बंद असताना बॅटरीच्या डब्यातले मोठे रिले उघडे असतात, म्हणजे दाब डब्याच्या आतच अडकून राहतो. अपघातात एअरबॅग फुटली की तीच सूचना रिलेंनाही जाते. सॉकेट सुटू लागला तर आधी एक बारीक सूचना-तार तुटते आणि गाडी दाब तोडते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या बॅटरीचे धन किंवा ऋण यांपैकी कोणतेच टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेले नसते. १२ व्होल्टच्या बॅटरीचे ऋण टोक बॉडीला असते, हिचे नसते. म्हणून एखाद्या वायरीचे आवरण कुठे घासले आणि एक टोक पत्र्याला टेकले, तरी लगेच झटका बसत नाही, कारण करंटला परतीची वाट नसते. पण या पहिल्या बिघाडानंतर गाडीची पूर्ण बॉडी बॅटरीच्या एका टोकाला जोडली गेलेली असते. आता दुसरे टोक कुणाच्या हाताला लागले की तो माणूसच परतीची वाट होतो. म्हणून गाडी स्वतःच सतत मोजत राहते की बॅटरी आणि बॉडी यांच्यात रोध किती आहे. नियमाप्रमाणे दर व्होल्टमागे निदान १०० ओहम हवा, म्हणजे ४०० व्होल्टच्या गाडीत ४०,००० ओहम. त्यामुळे गळती १० मिलिअँपिअरच्या आत राहते. रोध घटला की डॅशबोर्डवर इशारा येतो. गाडी चालत असतानाही हा इशारा गंभीर असतो. ‘चालतेय ना, मग पुढच्या सर्व्हिसिंगला दाखवू’ असे करू नये.

मात्र हे सगळे रिले उघडले तरी डब्याच्या आतली बॅटरी कधीच ‘बंद’ होत नाही. शिवाय इन्व्हर्टरमधले कपॅसिटर दाब तोडल्यावरही काही मिनिटे भरलेले असतात. म्हणूनच प्रशिक्षित मेकॅनिकसुद्धा सर्व्हिस प्लग काढल्यावर कंपनीने सांगितलेली पाच-दहा मिनिटे थांबतो, मग मीटरने शून्य तपासतो आणि त्यानंतरच हात घालतो.

आता आगीबद्दल. लिथियम-आयन सेल तापण्याचे टप्पे ठरलेले आहेत. ८० ते १२० अंशांच्या आसपास सेलमधला एक संरक्षक थर मोडू लागतो आणि त्यातूनच नवी उष्णता निघते. १३० अंशांच्या आसपास धन आणि ऋण पट्ट्यांमधला प्लास्टिकचा पातळ पडदा वितळायला लागतो. पुढे पट्ट्या एकमेकींना भिडतात, निकेल-कोबाल्टच्या सेलमध्ये ऑक्सिजनही आतूनच मिळू लागतो, आणि मग एक सेल शेजारच्याला पेटवतो. उसाच्या फडात एका सरीचे पाचट पेटले की वाऱ्याने पुढची सरी धरते, तसेच. लोह-फॉस्फेट प्रकारचे सेल या बाबतीत अधिक सोशिक असतात. ते बऱ्याच जास्त तापमानाला अस्थिर होतात आणि ऑक्सिजन सहजी सोडत नाहीत. गाडी घेताना बॅटरी कोणत्या प्रकारची आहे हे शोरूममध्ये जरूर विचारावे.

प्लग-इन हायब्रीडच्या इतिहासातली सर्वांत शिकवणारी घटना अमेरिकेतली आहे. २०११ च्या मे महिन्यात शेवरले व्होल्ट या प्लग-इन गाडीची खांबावर आदळण्याची सरकारी चाचणी झाली. गाडी चाचणीत चांगली ठरली. ती मोडलेली गाडी विस्कॉन्सिनमधल्या केंद्राच्या आवारात तशीच उभी राहिली आणि सुमारे तीन आठवड्यांनी पेटली. शेजारच्या गाड्याही जळाल्या. तपासात दिसले की धडकेत बॅटरीचा डबा दुखावला होता, त्यातले कूलंट गळून आतल्या इलेक्ट्रॉनिक्सपर्यंत गेले होते, आणि बॅटरीतली ऊर्जा कुणीही काढून घेतलेली नव्हती. जनरल मोटर्सने पुढे डब्याभोवतीची बांधणी मजबूत केली आणि २०१२ च्या जानेवारीत अमेरिकी सरकारने चौकशी बंद केली. यातून घ्यायची गोष्ट अगदी व्यवहाराची आहे. बॅटरीला धक्का बसलेली गाडी घराच्या ओट्याला, गोठ्याला किंवा चाळीला लावून ठेवायची नाही. इमारतीपासून आणि इतर गाड्यांपासून निदान १५ मीटर दूर, मोकळ्यावर उभी करायची, आणि ‘काल काही झाले नाही म्हणजे आता काही होणार नाही’ असे समजायचे नाही.

२०२० मध्ये युरोपात फोर्डच्या कुगा प्लग-इनचे प्रकरण झाले. काही गाड्यांना आगी लागल्या आणि कंपनीने सुमारे २०,५०० गाड्या परत बोलावल्या. मालकांना निरोप गेला की बॅटरी बदलून मिळेपर्यंत गाडी प्लगला लावूच नका, पेट्रोलवर चालवा. सेल बनवताना आत बारीक कचरा राहिला होता. त्याच वर्षी बीएमडब्ल्यूलाही अशाच कारणाने सुमारे २७ हजार प्लग-इन गाड्यांसाठी असाच निरोप द्यावा लागला. ही मालकाची चूक नव्हती आणि त्याला ती दिसण्यासारखीही नव्हती. त्याच्या हातात एवढेच असते की कंपनीचा निरोप आला की त्याच दिवशी पाळायचा. म्हणून जुनी गाडी घेताना आपला मोबाइल नंबर कंपनीकडे नोंदवून घ्या, नाहीतर तो निरोप आधीच्या मालकाला जाईल.

आपल्याकडे २६ मार्च २०२२ रोजी पुण्याच्या लोहगाव भागात रस्त्याकडेला उभी असलेली विजेवरची स्कूटर पेटली आणि तिचे चित्रण देशभर फिरले. त्या उन्हाळ्यात अशा आणखी घटना झाल्या. केंद्र सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली आणि बॅटरीच्या सुरक्षेची मानके कडक केली. दुचाकींसाठी एआयएस-१५६ आणि मोटारींसाठी एआयएस-०३८. नवे नियम १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. एक सेल पेटला तर बाकीच्यांपर्यंत आग किती वेळात जाते, आतल्या माणसांना इशारा मिळतो का, याची चाचणीही त्यात आली. ही मानके प्रसिद्ध करणारी संस्था आपलीच आहे. १९६६ पासून पुण्यात असलेली ‘एआरएआय’, वेताळ टेकडीवरची.

कारखान्याच्या बाजूला असा पहारा आहे. आता आपल्या अंगणाकडे येऊ, कारण माझ्या मते खरी जोखीम इथे आहे.

प्लग-इन गाडीची बॅटरी साधारण १० ते २० युनिटांची. घरच्या प्लगवरून तिचा चार्जर १० अँपिअर, म्हणजे सव्वादोन किलोवॉटच्या आसपास घेतो. दहा युनिट भरायला पाच तास लागतात. इस्त्री किंवा गीझर इतका वेळ सलग चालत नाहीत, म्हणून घरच्या वायरिंगची अशी परीक्षा कधी झालेलीच नसते. प्लगच्या सैल जोडात फक्त ०.१ ओहम रोध असला तरी १० अँपिअरला तिथे १० वॉट उष्णता तयार होते, आणि तीही पाच तास, बंद डब्याच्या आत. प्लास्टिक तपकिरी पडते, जोड आणखी सैल होतो, रोध वाढतो, उष्णता वाढते. ‘चार्जिंगची आग’ अशी भिंतीतही सुरू होऊ शकते. तपासायची रीत सोपी आहे. चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासाने प्लगच्या बाहेरच्या भागाला हात लावून बघा. कोमट चालेल, पण हात ठेववत नसेल तर चार्जिंग थांबवा आणि सॉकेट बदला.

गाडीसाठी मुख्य बोर्डापासून वेगळी लाइन ओढावी, निदान ४ चौरस मिलिमीटर तांब्याची, स्वतःच्या एमसीबीसह. मंडपातला एक्स्टेन्शन बोर्ड, लग्नातला वायरीचा भेंडोळा, शेतातल्या पंपाच्या पेटीतून घेतलेला फेज, यांपैकी काहीही चालणार नाही. भेंडोळा गुंडाळलेला असेल तर आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही आणि वायर वितळते. शेतीची जोडणी शेतीसाठीच असते हे तर आहेच. गाड्यांच्या चार्जिंगसाठी महावितरणकडे स्वतंत्र जोडणीचा दर आहे, त्याची चौकशी करावी.

आणि आता अर्थिंग. इथे मला थोडे थांबायचे आहे.

गाडीसोबत येणाऱ्या चार्जिंगच्या वायरीत मधे एक छोटी पेटी असते. ती चार्जिंग सुरू करण्यापूर्वी अर्थ आहे का ते तपासते. नसेल तर लाल दिवा लावते आणि वीज सोडत नाही. गावाकडच्या कित्येक घरांत तिसरी पिन नुसती नावाला असते. मागे तार नसते, किंवा असली तरी ती ज्या खड्ड्यात जाते त्यातला पाइप गंजून गेलेला असतो. मग लाल दिवा लागतो आणि कुणीतरी उपाय सुचवतो: ‘न्यूट्रलमधून एक तुकडा अर्थच्या पिनेला द्या, दिवा हिरवा होतो.’ होतो, खरेच होतो. पेटी फसते, चार्जिंग सुरू होते.

यात काय घडले ते पाहा. चार्जिंगच्या वेळी अर्थची पिन गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. म्हणजे आता न्यूट्रल गाडीच्या पत्र्याला जोडला गेला. सगळे ठीक असेपर्यंत काही कळत नाही. एखाद्या वादळी रात्री डीपीपासून घरापर्यंतचा न्यूट्रल कुठे सुटतो. फेज चालूच असतो. तो घरातल्या बल्बमधून, फ्रिजमधून न्यूट्रलच्या तारेत येतो आणि तिथून त्या तुकड्यातून गाडीच्या बॉडीवर. गाडी रबरी टायरांवर उभी असल्यामुळे वीज जमिनीत जात नाही, बॉडीवरच थांबते. सकाळी ओल्या अंगणात अनवाणी कुणी दाराला हात लावतो. साडेतीनशे व्होल्टची बॅटरी या वेळी पूर्ण निर्दोष आणि शांत असते. जीव जातो तो घरच्या २३० व्होल्टने, दोन इंच वायरीच्या तुकड्यामुळे.

म्हणून गाडी घेण्यापूर्वी परवानाधारक वायरमनकडून अर्थिंगचा खड्डा करून घ्यावा. तांब्याची पट्टी किंवा पाइप, भोवती कोळसा-मीठ किंवा बाजारात मिळणारी अर्थिंगची पावडर, आणि शेवटी अर्थ टेस्टरने मोजणी. रोध शक्यतो ५ ओहमच्या आत हवा. आपल्याकडे मुरूम आणि खडक वर आले की जमीन चटकन वाळते, त्यामुळे पावसाळ्यात चांगले मोजलेले अर्थिंग वैशाखात निकामी होऊ शकते. उन्हाळ्यात खड्ड्यात अधूनमधून पाणी सोडायला विसरू नये. या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. गळती झाली की तो क्षणात वीज तोडतो. त्यावरचे ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का ते पाहावे. या सगळ्याचा खर्च गाडीच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

जागेचेही तसेच. कडब्याच्या गंजीला, कांद्याच्या चाळीला किंवा खताच्या गोण्यांना लागून गाडी चार्ज करू नये. वीज सारखी जात-येत असेल तर चार्जर स्वतः थांबतो आणि पुन्हा सुरू होतो, त्याने बॅटरीचे बिघडत नाही. वादळात मात्र प्लग काढून ठेवावा. डीपीवरचा न्यूट्रल सुटला की एखाद्या घरात ३०० व्होल्टच्या वरही दाब येतो.

बॅटरीची निगा त्या मानाने सोपी आहे. तिचे दोन शत्रू: उष्णता, आणि फार काळ पूर्ण भरलेले राहणे. शेवरले व्होल्ट गाडीच्या १६ युनिटांपैकी सुमारे दहाच युनिट चालकाला वापरायला मिळत, बाकीचा भाग कंपनीने वर आणि खाली राखून ठेवला होता. आजही गाडीच्या काट्यावरचे शंभर टक्के म्हणजे सेलचे शंभर टक्के नसतात. तरीही पूर्ण भरलेली गाडी एप्रिल-मेच्या उन्हात दिवसेंदिवस उभी ठेवू नये. निघण्याच्या थोडे आधी चार्जिंग पूर्ण होईल अशी वेळ लावावी. महिनाभर गावी नसाल तर चाळीस ते साठ टक्क्यांवर, सावलीत ठेवावी. प्लग-इन गाडीची बॅटरी लहान असल्यामुळे ती रोज जवळजवळ पूर्ण रिकामी होते आणि पुन्हा भरते. निव्वळ विजेवरच्या मोठ्या बॅटरीपेक्षा तिची झीज यामुळे जास्त होते, म्हणून ही काळजी तिला अधिक लागू आहे. प्लग नसलेल्या हायब्रीड गाड्या उभ्या राहणार असतील तर दोन-तीन आठवड्यांतून एकदा ‘रेडी’ दिवा लावून अर्धा तास चालू ठेवाव्यात. हा ‘रेडी’ दिवा घरातल्या सगळ्यांना ओळखता यायला हवा. तो लागलेला असताना गाडीचा आवाज नसतो, पण ती चालू असते.

काही हायब्रीड गाड्यांची बॅटरी हवेने थंड होते. ती हवा मागच्या सीटच्या कडेला असलेल्या जाळीतून, म्हणजे गाडीच्या आतूनच घेतली जाते. त्या जाळीवर बटाट्याची गोणी ठेवली किंवा घोंगडी पडली की बॅटरीचा श्वास कोंडतो. कांद्याच्या हंगामात मंचरच्या बाजाराला फेऱ्या मारणाऱ्या गाडीत टरफलांची आणि मातीची किती धूळ असते ते आपण जाणतो. जाळीमागचा फिल्टर काढून झटकायला पाच मिनिटे लागतात. तो सहा महिन्यांनी पाहावा, आणि धुळीच्या कामाची गाडी असेल तर महिन्याने. जिची बॅटरी कूलंटने थंड होते तिच्या टाकीत साधे पाणी घालू नये. शेवरले व्होल्टचे उदाहरण वर आलेच आहे. कूलंट कमी होत असेल तर ते कुठे जाते हे आधी शोधायला हवे.

घाटाचे गणितही पाहण्यासारखे आहे. जुन्नरकडून माळशेज घाटाने खाली उतरताना समजा गाडी ५०० मीटर उतरली. माणसांसह दोन टनांच्या गाडीची यात सुमारे २.७ युनिट ऊर्जा सुटते. त्यातली अर्धी जरी मोटरने पकडली तरी सव्वा युनिटाच्या वर वीज झाली. हायरायडरची पूर्ण बॅटरी ०.७६ युनिटाची, म्हणजे घाट संपण्याच्या फार आधी ती भरते आणि विजेचे ब्रेकिंग थांबते. तिथून पुढे इंजिनाचे आणि चाकांचे ब्रेक काम करतात. पाय सोडला की पूर्वीसारखी गाडी रोखली जात नाही असे वाटते ते यामुळे. घाटाच्या माथ्यावरचा मुक्कामी माणूस सकाळी प्लग-इन गाडी शंभर टक्के भरून निघाला तर त्याचेही हेच होते. उतार असेल तर ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवावे. पेठ-अवसरीसारख्या लहान घाटात हे फारसे जाणवणार नाही, माळशेजला जाणवेल.

१२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीकडे सगळ्यांचे दुर्लक्ष होते. मोठ्या बॅटरीचे रिले हीच बॅटरी ओढते. ही मेली की गाडीत दहा युनिट वीज असूनही गाडी जागी होत नाही. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा: ट्रॅक्टर किंवा पिकअप चालू करायला हायब्रीड गाडीवरून जंपर देऊ नका. तिची छोटी बॅटरी आणि कन्व्हर्टर तेवढ्या करंटसाठी बनवलेले नसतात. लोखंडी गार्ड बसवायला गाडीवर वेल्डिंग करणे, खालून भोक पाडणे, हेही तितकेच वाईट. शेतरस्त्यावर दगड लागला तर गाडी उंचावर घेऊन बॅटरीच्या डब्याला खोक पडली आहे का ते बघा. उंदरांनी कुरतडलेली नारिंगी वायर दिसली तर टेप गुंडाळू नका, गाडी चालवू नका, कंपनीला बोलवा.

पाण्याचा प्रश्न पावसाळ्यात येतो. २५ जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरले तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. घोड नदीच्या काठची गावेही पूर पाहतात. पावसात चालवायला किंवा साचलेल्या थोड्या पाण्यातून जायला ही गाडी घाबरत नाही, पण बुडालेली गाडी वेगळी. २०१२ च्या सँडी वादळात अमेरिकेतल्या न्यूअर्क बंदरात समुद्राचे पाणी चढून फिस्कर कंपनीच्या सोळा ‘कर्मा’ प्लग-इन गाड्या जळाल्या. कंपनीने तपास करून सांगितले की आग उच्च दाबाच्या बॅटरीपासून लागली नव्हती. १२ व्होल्टच्या बाजूच्या एका नियंत्रण पेटीत मीठ शिरून शॉर्ट झाला होता. बुडालेली गाडी चालू करायची नाही, चार्ज करायची नाही. ती पूर्ण उचलून ट्रकवर न्यायची. चाके जमिनीवर ठेवून ओढली तर मोटर फिरते आणि वीज तयार करते. धुलाई केंद्रावरचा दाबाचा फवारा बोनेटखालच्या नारिंगी सॉकेटांवर मारू देऊ नये.

महामार्गावर अपघात झाला की आपले लोक धावून जातात, आणि हे मोलाचे आहे. अशा गाडीजवळ मात्र तुटलेली नारिंगी वायर दिसली तर तिला आणि तिला टेकलेल्या पत्र्याला हात लावू नका. माणसे बाहेर काढा, ११२ ला फोन करताना ‘हायब्रीड आहे’ किंवा ‘विजेवरची आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. बॅटरीतून फसफस आवाज, गोडसर वास किंवा पांढरा धूर येऊ लागला की सगळ्यांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला लांब न्या. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असू शकते, ते फुफ्फुसे जाळते. अशी आग माती टाकून विझत नाही. तिला हजारो लिटर पाणी लागते, आणि तेही अग्निशमन दलानेच मारायचे.

उरला प्रश्न गाडी दुरुस्त कोण करणार याचा. मंचर-नारायणगावचे मेकॅनिक हुशार आहेत, पण उच्च दाबाचे काम हुशारीवर होत नाही. त्याला हजार व्होल्टचे रबरी हातमोजे लागतात, त्यावर चामड्याचे, हातमोज्यात हवा भरून भोक तपासण्याची सवय, इन्सुलेटेड पाने, योग्य दर्जाचा मीटर, आणि सोबत दुसरा माणूस. अवसरी बुद्रुकला लागून अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय आहे आणि तिथे ऑटोमोबाइल अभियांत्रिकी शिकवतात. तालुक्यातल्या गॅरेजवाल्यांसाठी आणि वायरमनसाठी उच्च दाबाच्या कामाचे दोन दिवसांचे प्रात्यक्षिक वर्ग घेण्याइतकी योग्य जागा पंचक्रोशीत दुसरी नाही. ग्रामपंचायतींनी आणि गॅरेजवाल्यांनी मिळून तशी मागणी महाविद्यालयाकडे करावी, असे माझे कळकळीचे सांगणे आहे.

निकामी झालेली बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेण्याची व्यवस्था करणे ही उत्पादकाची जबाबदारी आहे. आणि गाडीचे बुकिंग करायला जाण्याआधी वायरमनला घरी बोलवा, बोर्ड उघडायला लावा, तिसऱ्या पिनेमागे न्यूट्रलचा तुकडा नाही ना ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि अर्थिंगचा आकडा कागदावर लिहून घ्या.